विज्ञान मंडळाचा कारभार

महाराष्ट्रातल्या बहुतेक विज्ञान महाविद्यालयांत पावसाळा अर्धा सरला की फलकावर एक नोटीस लागते. विज्ञान मंडळाच्या कार्यकारिणीसाठी इच्छुक विद्यार्थ्यांनी आपली नावे विभागप्रमुखांकडे द्यावीत. नावं येत नाहीत. मग कुणीतरी प्राध्यापक वर्गात जाऊन पहिल्या बाकावरच्या चार-पाच जणांना उभं करतात, तिथल्या तिथे अध्यक्ष, सचिव, खजिनदार ठरतात. उद्घाटन होतं, पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिलं जातं, फोटो निघतात. त्यानंतर मंडळ जे आडवं होतं ते थेट २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी उठतं. पोस्टर, रांगोळी, प्रश्नमंजूषा. मार्चमध्ये अहवाल, आणि कारभार आटोपला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने हा कारभार जवळून पाहिला आणि बरीच वर्षं चालवलाही. विद्यार्थी त्यांना नुसतं 'मॅडम' म्हणतात. इथेही तेवढंच पुरे. मंडळाचा चार्ज विभागातल्या सगळ्यांत नव्या माणसाकडे द्यायचा, असा कॉलेजांत अलिखित नियम असतो. त्या रुजू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावर एक फुगलेली फाइल येऊन पडली. आत आभारपत्रांच्या प्रती, उपस्थितांच्या सह्या, रिबीन कापतानाचे फोटो. मंडळात विज्ञान काय झालं, याचा एकही कागद नव्हता. पहिली काही वर्षं त्यांनीही तसंच चालवलं. चालवायला ते सोपं असतं, आणि मूल्यांकनासाठी समिती आली की तिला पाहिजे असतात तेच कागद त्या फाइलमध्ये असतात.

बदल झाला तो दिवाळीच्या सुट्टीत, कॉलेजच्या कट्ट्यावर. दोन वर्षांपूर्वी बी.एस्सी. होऊन बाहेर पडलेला एक मुलगा गावी आला होता. तो आता एका आयआयटीत एम.एस्सी. करत होता. टी.वाय.ची पोरं त्याच्याभोवती जमली होती आणि प्रश्न एकच होता: तिथे घेतात कसं? तो 'जॅम' परीक्षेबद्दल सांगत होता. ही परीक्षा २००४ पासून होते, अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरायचे असतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. म्हणजे तो सांगत होता तेव्हा त्या वर्षीचे अर्ज भरून झाले होते. त्या घोळक्यातल्या एकाही मुलाने ते नाव ऐकलेलं नव्हतं. मॅडमनी ऐकलेलं होतं, पण वर्गात सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते अभ्यासक्रमात नव्हतं ना.

पुण्या-मुंबईच्या मुलाला या गोष्टी शेजारच्या दादाकडून, क्लासच्या सरांकडून, कुठूनतरी कळतात. तालुक्याच्या गावात कळत नाहीत. बारावीला बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाला प्रवेश घेतलेल्यांसाठी केंद्र सरकारची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती असते, वर्षाला ८० हजार रुपयांची. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना देशभरातल्या प्रयोगशाळांत दोन महिने काम करायला पाठवतात. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम आहे, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' आहे. सगळं उघड, सगळं संकेतस्थळावर. पण ज्याला त्या गोष्टीचं नावच माहीत नाही, तो शोधणार काय?

त्या वर्षापासून विज्ञान मंडळाचं पहिलं काम ठरलं, तारखांचा फलक. जिन्याच्या वळणावर, जिथून प्रत्येकाला जावंच लागतं अशा भिंतीवर. कुठला अर्ज, कुणासाठी, शेवटची तारीख काय, आणि खाली त्या वाटेने गेलेल्या माजी विद्यार्थ्याचा नंबर मंडळाच्या सचिवाकडे मिळेल अशी ओळ. फलक रंगीत नव्हता, त्यावर रामनचं चित्रही नव्हतं. पहिल्या वर्षी अर्ज भरणारे मोजकेच निघाले. निवड झाली नाही तरी आपल्या गावातून असा अर्ज जाऊ शकतो, हे एकदा दिसलं की पुढचं सोपं जातं. मॅडमचं अजूनही मत आहे की मंडळाने दुसरं काहीही केलं नसतं, फक्त तो फलक सांभाळला असता, तरी त्याचं काम झालं असतं.

दुसरा बदल कार्यकारिणीत. पहिल्या बाकावरच्या मुलांना पदं देणं त्यांनी थांबवलं. हे त्यांना कुठून सुचलं, तर अमेरिकेतल्या एका जुन्या उदाहरणावरून. नॉर्थ कॅरोलिनातल्या डेव्हिडसन कॉलेजात १९२१ साली 'सिग्मा पाय सिग्मा' ही भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची सन्मानसंस्था निघाली. सन्मानसंस्था म्हटल्यावर हुशारांचीच. १९६८ मध्ये तिच्या जोडीला 'सोसायटी ऑफ फिजिक्स स्टुडंट्स' आली, आणि तिच्यात यायला गुणांची अट ठेवली नाही. भौतिकशास्त्रात रस असला की झालं. आज तिच्या शाखा कॉलेजाकॉलेजांत आहेत. केंब्रिजला गणिताच्या विद्यार्थ्यांची 'आर्किमिडियन्स' १९३५ पासून आहे, तिचं 'युरेका' हे नियतकालिक १९३९ मध्ये सुरू झालं आणि अजून विद्यार्थीच काढतात. आपल्याकडेही पुण्याच्या आयसरमध्ये 'दिशा' आहे, मुंबईच्या आयआयटीत 'कृत्तिका' हा खगोलशास्त्राचा क्लब आहे. ही सगळी मंडळं मुलं स्वतः चालवतात, प्राध्यापक सहीपुरते.

अर्थात या जागांची आणि तालुक्याच्या कॉलेजची बरोबरी करायची तर एक गोष्ट विसरून चालत नाही. तिथली मुलं वसतिगृहात राहतात, रात्री बारा वाजताही बैठक घेऊ शकतात. इथल्या मुलांना साडेपाचची एसटी गाठायची असते.

एसटीचं वेळापत्रक हा विज्ञान मंडळाच्या इतिहासातला फार महत्त्वाचा आणि कुठेही न लिहिलेला घटक आहे. मॅडमच्या वर्गात आता मुलीच जास्त. आकाशदर्शन ठेवायचं म्हणजे रात्र पाहिजे, आणि रात्र म्हटलं की मुली गळाल्या. त्यामुळे वर्षानुवर्षं आकाशदर्शनाला मुलगेच यायचे. उपाय मंडळातल्या मुलींनीच काढला. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, सातला चांगला अंधार होतो. तेव्हा कार्यक्रम सातला सुरू करून आठला संपवायचा आणि आई-वडिलांनाच बोलवायचं. बोलवायचं म्हणजे नोटीस लावून नाही, फोन करून. ऊसतोडीचे दिवस. एक वडील कारखान्याच्या वजनकाट्यावरून ट्रॅक्टर घेऊन परस्पर आले, ट्रॉली बाहेर रस्त्याला लावली आणि रांगेत उभे राहिले. दुर्बिणीत शनी होता. त्यांनी पाहिलं, मागे सरकून नळीच्या पुढच्या तोंडाला हात लावून बघितला, पुन्हा पाहिलं आणि लेकीला विचारलं, "ह्ये खरंच हाय, का आत चित्र चिकटवलंय?" मुलीने काही उत्तर न देता नळी जरा हलवली. शनी सरकला. पुन्हा जागेवर आणला. बाप हसला. पुढच्या वर्षी ती मुलगी सचिव झाली, आणि त्या घरातून परवानगीचा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

'शून्य सावली'चा कार्यक्रम मात्र कोल्हापूरकडे कधी जमला नाही. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस पुण्याला १३-१४ मेच्या आसपास असतो. कोल्हापूर आणखी दक्षिणेला, म्हणून तिथे तो मेच्या पहिल्या आठवड्यातच येतो. तेव्हा कॉलेजात परीक्षा किंवा सुट्टी. वर्षात दुसऱ्यांदा तो येतो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. कोल्हापूरच्या ऑगस्टमध्ये कुणाचीच सावली पडत नाही, त्यासाठी सूर्य डोक्यावर यावा लागत नाही.

सावलीचा प्रयोग अखेर जमला तो विज्ञान दिनाला, आणि मंडळाच्या सगळ्या वर्षांत मॅडमना आठवतो तो हाच. थोडं सविस्तर सांगायला हवं.

विज्ञान दिन १९८७ पासून साजरा होतो, २८ फेब्रुवारी १९२८ च्या रामन परिणामाच्या आठवणीसाठी. १९३० मध्ये त्या शोधाला नोबेल मिळालं. हे भाषणात दर वर्षी येतं. भाषणात सहसा येत नाही ते असं की रामन १९०७ मध्ये कलकत्त्याला गेले ते सरकारी हिशेब खात्यातले अधिकारी म्हणून. बहुबाजार रस्त्यावर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकांच्या देणग्यांतून उभी केलेली 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' होती. कचेरी सुटल्यावर आणि भरण्याआधी रामन तिथे प्रयोग करत. प्राध्यापक ते पुढे झाले, पण नोबेलचं काम त्याच असोसिएशनच्या प्रयोगशाळेत झालं. म्हणजे आपण ज्याचा दिवस साजरा करतो ते काम विज्ञानाच्या एका मंडळातलंच. ते भाषण ऐकून झाल्यावर रांगोळी काढायला बसायचं, हे मंडळातल्या काही मुलांना खटकलं. प्रयोग करू, म्हणाली. कुठला? पृथ्वीचा परीघ मोजू.

एराटोस्थेनिसची युक्ती जुनी. एकाच रेषेत उत्तर-दक्षिण असलेल्या दोन गावांत एकाच दिवशी माध्यान्हीला उभ्या काठीची सावली मोजायची, तिच्यावरून सूर्याचा कोन काढायचा. दोन कोनांतला फरक म्हणजे दोन गावांमधलं पृथ्वीवरचं कोनात्मक अंतर. नकाशा पाहिल्यावर लक्षात आलं की धुळं कोल्हापूरच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. मंडळाच्या एका माजी विद्यार्थिनीची मैत्रीण तिथल्या एका कॉलेजात शिकवत होती. फोनाफोनी झाली. एस.वाय.च्या एका मुलीने शंका काढली, की हा प्रयोग विषुवदिनाला करतात, फेब्रुवारीत कसा चालेल? तिला कुणी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तीच सांगत आली की २८ फेब्रुवारीला सूर्य विषुववृत्ताच्या ८ अंश दक्षिणेला असतो, पण ते ८ अंश दोन्ही गावांच्या कोनांत सारखेच मिसळलेले, वजाबाकीत उडून जातात. कुठलाही दिवस चालेल. मॅडम म्हणतात, त्या वर्षीचा विज्ञान दिन खरं तर त्या सकाळीच झाला.

तयारी अशी. प्रयोगशाळेत आग विझवायला टांगलेली लाल बादली असते, वाळूने भरलेली. तीत लाकडी मीटरपट्टी रोवली आणि वाळूच्या पातळीपासून वर बरोबर १०० सेंटिमीटर राहतील असा तिला जोड दिला. पट्टी उभी आहे की नाही हे बघायला कॉलेजच्या नव्या इमारतीवरच्या गवंड्याकडून ओळंबा आणला. गवंडी स्वतःच मागोमाग आला, कारण ओळंबा परत मिळत नाही असा त्याचा अनुभव होता. त्यानेच पट्टी दोन्ही बाजूंनी तपासून सरळ केली. खाली ड्रॉइंगशीट पसरली, वाळूच्या पातळीला. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला पेन्सिलची खूण. सावली सगळ्यांत आखूड झाली दुपारी पाऊण वाजता. घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा यांत पाऊण तासाचा फरक पडतो, हे एफ.वाय.च्या मुलांना तिथे उन्हात उभं राहून पहिल्यांदा कळलं. अर्ध्याहून जास्त फरक आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेपासून पश्चिमेला असल्याचा, उरलेला त्या महिन्यातल्या सूर्याच्या आपल्या चालीचा.

सावली भरली साडेसेहेचाळीस सेंटिमीटर. धुळ्याहून फोन आला, छप्पन्न. कोन निघाले २४.९४ आणि २९.२५ अंश, फरक ४.३१. नकाशावर फूटपट्टी लावून काढलेलं अंतर ४६५ किलोमीटर. गुणाकार-भागाकार झाला आणि पृथ्वीचा परीघ आला ३८,८०० किलोमीटर.

चाळीस हजार यायला पाहिजे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. शांतता पसरली. मग मंडळाच्या खजिनदाराने, टी.वाय.च्या चांगल्या मुलाने, कॅल्क्युलेटरवर काहीतरी खटखट केलं आणि म्हणाला, "धुळ्याचं साडेपंचावन्न धरलं तर बरोबर बसतंय. ४०,९०० येतं."

'बसतंय' हा शब्द विज्ञान शाखेच्या माणसाला समजावून सांगायला नको. प्रॅक्टिकलला पुस्तकातलं उत्तर आधी बघायचं आणि मग रीडिंग बसवायची, ही कला पिढ्यान्पिढ्या एका बॅचकडून दुसरीकडे जाते. जर्नल सर्टिफाय व्हायचं असतं, परीक्षक उत्तर बघतात, रीडिंग बघत नाहीत. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही; पद्धतच तशी आहे.

फोन स्पीकरवर होता. पलीकडे एफ.वाय.ची एक मुलगी सावली मोजत होती. खजिनदाराने तिला विचारलं, जरा पुन्हा बघतेस का, साडेपंचावन्न असेल. ती म्हणाली, "दादा, छप्पन्नच आहे. तुम्हाला साडेपंचावन्न पाहिजे असेल तर तुमची पट्टी इकडे घेऊन या." हशा झाला. मॅडम बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं नाही. पुढे त्या म्हणायच्या, की आपण बोललो असतो तर तो नीतीचा तास झाला असता. ती बोलली म्हणून भौतिकशास्त्राचा झाला.

कारण मग सगळे पुन्हा उन्हात गेले आणि सावलीचं टोक बघत बसले. टोक म्हणावं असं तिथे काही नव्हतंच. गडद सावली संपते तिथून उजेड सुरू होईपर्यंत जवळजवळ सेंटिमीटरभर करडा पट्टा. सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. तिच्या एका कडेचा उजेड अडतो तिथे दुसऱ्या कडेचा पोचतो. त्या करड्या पट्ट्यात टोक कुठे धरायचं हे ज्याच्या त्याच्या डोळ्यावर. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक कुणाचाही पडणार, आणि धुळ्याकडच्या अर्ध्या सेंटिमीटरने पृथ्वी दोन हजार किलोमीटरने फुगते हे तर खजिनदारानेच दाखवून दिलं होतं. इकडचीही तेवढीच चूक धरली, आणि दोन्ही चुका एकाच दिशेने पडतीलच असं नाही हे लक्षात घेतलं, तर दोन्ही मिळून तीनेक हजार. पोस्टरवर लिहिलं गेलं: पृथ्वीचा परीघ ३८,८०० किलोमीटर, इकडे-तिकडे तीन हजार. प्रमुख पाहुण्यांनी चष्मा सावरत विचारलं, चाळीस हजार असतो ना? खजिनदार म्हणाला, "असतो सर. आमच्या पट्टीला एवढाच दिसतो."

मंडळाच्या बाकीच्या कामांना अशी चमक नाही. शनिवारी दुपारी दोन तास मुलं एकमेकांना शिकवायची. अट एकच, मराठीत सांगायचं. बी.एस्सी.चा अभ्यास इंग्रजीत, त्यामुळे 'डिफ्रॅक्शन'ची व्याख्या घडाघडा येते आणि ती कुणी मराठीत विचारली की पंचाईत होते. एका मुलाने कार्यालयातल्या जुन्या सीड्यांचं खोकं आणलं आणि लेझर टॉर्चचा किरण सीडीवर पाडून भिंतीवरचे ठिपके दाखवले. ठिपक्यांच्या कोनावरून सीडीवरच्या दोन चाकोऱ्यांमधलं अंतर काढलं, १.६ मायक्रोमीटर. समोरून प्रश्न आला: मग सीडीत इंद्रधनुष्य दिसतं ते लोलकासारखंच का? त्याला पंधरा मिनिटं लागली, मध्ये दोनदा अडकला, आणि शेवटी म्हणाला, एवढं मला कळलंय, पुढचं पुढच्या शनिवारी. वर्गात, शिक्षकांपुढे, हे वाक्य सहसा ऐकू येत नाही.

या सगळ्याला एक मोठी अडचण आहे आणि ती कुणाच्या आळसाची नाही. पदवी तीन वर्षांची. पहिलं वर्ष कॉलेज कळण्यात जातं, तिसरं प्रवेशपरीक्षांत. हातात येतं ते दुसरं. मुलगा पाहुण्यांशी फोनवर बोलायला शिकतो, पक्कं बिल कुठे मिळतं आणि कुठे मिळत नाही हे शिकतो, दुर्बिणीचं टोक सरळ करायला शिकतो, आणि निघून जातो. पुढच्या वर्षी पुन्हा पाटी कोरी. आता नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाची सोय आली आहे, पण थांबतो कोण?

मॅडमनी यावर एक लांबट रजिस्टर आणून दिलं आणि जाणाऱ्या कार्यकारिणीने येणारीसाठी त्यात लिहायचं ठरलं. अहवालाची भाषा चालणार नाही, एवढंच बजावलं. ते रजिस्टर आज चाळलं तर त्यात असं असं सापडतं: 'झेरॉक्सवाल्या काकांकडे २७ तारखेला जाऊ नये, आदल्या आठवड्यातच उरकावं.' 'वक्त्यांना मराठीत बोला असं आधीच सांगणे, स्टेजवर सांगितलं तर राग येतो.' 'ग्रहणाचे चष्मे घडी न घालता ठेवणे.' 'बांबूवाला बिल देत नाही. व्हाउचरवर त्याची सही घ्यायची, तो देतो.' 'शिपाईमामांना चहा विचारणे. विसरू नये.' एका पानावर २१ डिसेंबर २०२० ची नोंद आहे. टाळेबंदीचं वर्ष, कॉलेज बंद, आणि त्या संध्याकाळी गुरू-शनी आकाशात एकमेकांपासून अंशाच्या दहाव्या भागाइतके जवळ आले होते. मुलांनी आपापल्या गच्चीवरून, शेतातून पाहिलं आणि ग्रुपवर चित्रं टाकली. फोटोंपेक्षा पेन्सिलने काढलेली चित्रं चांगली आली, असा शेरा त्या पानाखाली आहे. मंडळाच्या अधिकृत अहवालात त्या वर्षी 'कोविडमुळे उपक्रम झाले नाहीत' असं छापलं गेलं.

अहवाल हा मॅडमच्या बोलण्यातला कडवट विषय. उपक्रम किती, लाभार्थी किती, जिओटॅग केलेले फोटो किती, असे रकाने असतात. आकाशदर्शनाला २०० मुलं रांगेत उभी राहिली आणि प्रत्येकाला अर्धं मिनिट मिळालं, तर लाभार्थी २००. शनिवारी नऊ जण दोन तास एका प्रश्नावर भांडले, तर लाभार्थी नऊ. त्यामुळे कॉलेजांचा कल मोठ्या कार्यक्रमाकडे राहतो, आणि त्यात कुणाचा दुष्ट हेतू असतो असंही नाही. पण मंडळातून पुढे खरोखर विज्ञानात गेलेली मुलं आठवायची तर मॅडमना रांगेतली आठवत नाहीत, शनिवारची आठवतात. हा पुरावा नव्हे, हे त्याही मान्य करतात. शनिवारी येणारी मुलं मुळातच वेगळी असणार. तरी त्यांचा कौल तिकडेच आहे.

विज्ञानात न गेलेल्यांचाही हिशोब द्यायला हवा, कारण संख्येने तेच जास्त. सावलीचा तो खजिनदार आज एका सहकारी बँकेत नोकरी करतो. ऊसवाल्यांची ती मुलगी बी.एड. करून शाळेत विज्ञान शिकवते आणि दर डिसेंबरला मंडळाची दुर्बीण मागून नेते. एक जण दूध संकलन केंद्र चालवतो. फॅट मोजायचं यंत्र चुकतंय, असा संशय आला तेव्हा त्याने एकाच दुधाचे नमुने दहा वेळा लावून आकड्यांचा तक्ता केला आणि कंपनीच्या माणसापुढे ठेवला. हे त्याने मॅडमना मुद्दाम फोन करून सांगितलं.

मॅडम आता निवृत्तीला आल्या आहेत. विज्ञान मंडळांना निधी वाढवून द्या, असं त्या म्हणत नाहीत. वाळूच्या बादलीला निधी लागत नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे, पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून. अशा ठिकाणचे जाणकार बोलावलं तर येतात, हा त्यांचा अनुभव. जे मागायचं ते त्यांनी प्राचार्यांकडे लेखी मागितलं. अर्जात दोन मागण्या होत्या: शनिवारी दुपारी एक ते तीन या वेळेत कुठलाही तास किंवा परीक्षा ठेवू नये, आणि त्या वेळेसाठी प्रयोगशाळेची किल्ली मंडळाच्या सचिवाच्या, म्हणजे विद्यार्थ्याच्या, सहीवर मिळावी. पहिली मागणी मंजूर झाली. दुसरी पुढच्या बैठकीत ठेवली आहे.